मुलगी सातवी संपवून आठवीत जात आहे आणि तिला शाळेतले गणित फार लवकर संपते. ग्रामीण मराठवाड्यात तिच्यासाठी काय संधी आहेत?

आपल्या प्रश्नात तीन गोष्टी आल्या आहेत. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे, वर्गाचे गणित दहा मिनिटांत सोडवून ती उरलेला तास खिडकीबाहेर पाहत बसते, आणि तिला आठवीपासूनच लातूरला खाजगी शिकवणीच्या फाउंडेशन बॅचला ठेवावे असा सल्ला नातेवाईक देत आहेत. मी मराठवाड्यातल्याच एका जिल्हा परिषद प्रशालेत गणित शिकवतो, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो आहे.

फाउंडेशन बॅचमध्ये प्रामुख्याने अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम दोन-तीन वर्षे आधी सुरू होतो. ज्या मुलाला अभ्यासाची शिस्त लावायची आहे त्याला त्याचा उपयोग होत असेल. आपल्या मुलीची अडचण मात्र वेगळी आहे. तिला मिळणारे गणित उथळ आहे. तेच गणित आणखी वेगाने पुढे नेले तर पुढच्या इयत्तेचा उथळ भाग तिला एक वर्ष आधी मिळेल, एवढेच. तिला खोली हवी आहे. तेरा वर्षांच्या मुलीला घरापासून दूर वसतिगृहात ठेवण्याइतके त्या बॅचमध्ये काही आहे, असे मला वाटत नाही.

खोली म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी शोधलेली 6174 ही संख्या तिने कदाचित ऐकली असेल. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करायचे. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत 6174 येतो. 3524 पासून सुरुवात केली तर 3087, मग 8352, मग 6174. बहुतेक ठिकाणी हा प्रकार गंमत म्हणून दाखवतात आणि तिथेच सोडून देतात. तिला विचारा की तीन अंकी संख्येत असे केल्यावर 495 च का येतो. आठवीच्या बीजगणितात याचे पूर्ण उत्तर आहे. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क मानले तर वजाबाकीत ब निघून जातो आणि अ व क यांच्या फरकाची 99 पट उरते. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊच उत्तरे शक्य असतात (त्यातले 99 हे 099 असे तीन अंकी धरायचे). ती नऊ तपासली की सिद्धता पूर्ण होते. त्यानंतर ती आपणहून विचारील की दोन अंकी संख्यांत काय होते. हा एक प्रश्न तिला पूर्ण आठवडा पुरेल आणि त्यासाठी एक रुपयाही लागणार नाही.

आता औपचारिक संधींकडे येतो. नवोदय विद्यालयाची सहावीची निवड परीक्षा पाचवीत द्यावी लागते, म्हणजे ती वेळ गेलेली आहे. नववीच्या रिक्त जागांसाठी मात्र आठवीत असताना परीक्षा देता येते. तिच्यात गणित व विज्ञान प्रत्येकी 35 आणि इंग्रजी व हिंदी प्रत्येकी 15 गुणांचे असते. आपल्या भागात तुळजापूर, कन्नड, शंकरनगर, गढी अशा ठिकाणी ही विद्यालये आहेत आणि शिक्षण, निवास व भोजन मोफत असते. जागा थोड्या असतात, म्हणून अर्ज जरूर करावा, पण सगळे वर्ष त्या एका परीक्षेला बांधू नये.

आठवीतलीच दुसरी महत्त्वाची परीक्षा एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल कुटुंबांतल्या हुशार मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा, ही आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मुलगी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल, तर निवड झाल्यावर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे 90-90 प्रश्नांचे दोन पेपर असतात. नवोदयला प्रवेश मिळाला तर ही शिष्यवृत्ती घेता येत नाही, हे आधीच लक्षात असू द्यावे. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा 2016-17 पासून पाचवी व आठवीला होत होती आणि ती पुन्हा चौथी व सातवीला नेण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला. आपल्या मुलीला ती कोणत्या वर्षी लागू होते, हे मुख्याध्यापकांकडून पक्के करून घ्यावे. एनटीएसईची, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षेची, पुस्तके अजून दुकानांत दिसतात, पण 2021 नंतर ती परीक्षा थांबलेली आहे. त्यावर पैसे घालवू नयेत.

या परीक्षांनी पैसा किंवा जागा मिळते, मुलीच्या कुतूहलाला खाद्य मात्र फारसे मिळत नाही. त्यासाठी वेगळ्या वाटा पाहाव्या लागतात. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी व नववीसाठी असते आणि मराठीतूनही देता येते. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि पुढे कृती संशोधन प्रकल्प व मुलाखत असे टप्पे आहेत, म्हणून नुसते पाठांतर तिथे अपुरे पडते. आठवीचे वर्ष तयारीला घेऊन ती नववीत द्यावी. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम ही परीक्षा आठवीपासून देता येते. तिच्यातून निवडलेली मुले मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखालील प्रादेशिक व नंतर राष्ट्रीय फेरीला जातात. युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिंपियाडसाठी भारताचा मुलींचा स्वतंत्र संघ जातो, हे तिला अवश्य सांगा. आठवीत पहिल्याच वेळी निवड होईल अशी अपेक्षा कुणीच ठेवू नये. पण जुन्या प्रश्नपत्रिका केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि त्यातला एकेक प्रश्न दोन-दोन दिवस डोक्यात घोळतो. शाळाशाळांतून शुल्क घेऊन होणाऱ्या आणि जवळजवळ प्रत्येक मुलाला पदक देणाऱ्या खाजगी ‘ऑलिंपियाड’ परीक्षांशी या परीक्षेचा नावापलीकडे काही संबंध नाही.

माझ्या मते आपल्या भागातल्या मुलांसाठी सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित संधी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेची आहे. 10 ते 17 वर्षे वयाची मुले त्यात भाग घेऊ शकतात आणि प्रकल्प स्थानिक प्रश्नावर करायचा असतो. मराठवाड्यात विषय शोधत फिरावे लागत नाही. पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत गावातल्या आठ-दहा विहिरींची पाणीपातळी दोरी व टेपने दर पंधरवड्याला मोजून त्याचा आलेख काढला, तरी शेजारी-शेजारी असलेल्या दोन विहिरींपैकी एक डिसेंबरात का आटते आणि दुसरी एप्रिलपर्यंत का टिकते, हा प्रश्न समोर उभा राहतो. उत्तर शोधताना मुरूम किती खोल आहे, खाली काळा पाषाण कुठे लागतो, त्याला भेगा आहेत का, हे विहीर खोदणाऱ्या माणसांना विचारावे लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हेच काम निरीक्षण विहिरींवर वर्षातून चार वेळा करते. जिल्ह्याच्या कार्यालयात पत्र घेऊन गेल्यास तिथले भूवैज्ञानिक बहुधा आनंदाने बोलतात. सरासरी, आलेख, भूगोल आणि गावातल्या माणसांशी नीट बोलणे हे सगळे तिला यातून शिकता येईल. विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेतही सहावी ते बारावीच्या निवडलेल्या कल्पनेला 10,000 रुपये मिळतात, पण तिचे नामांकन शाळेनेच ऑनलाइन करावे लागते. ते वेळेत व्हावे म्हणून पालकांनी पाठपुरावा केलेला बरा.

संस्थांमध्ये ज्ञान प्रबोधिनीचे नाव घ्यावेच लागेल. पुण्यात 1962 साली सुरू झालेल्या या संस्थेचे प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणाचे काम जुने आहे, आणि 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लोहारा तालुक्यातल्या हराळी येथे तिची निवासी शाळा उभी राहिली. प्रवेश मिळो न मिळो, एकदा मुलीला घेऊन तिथे जाऊन यावे. छत्रपती संभाजीनगरला एमजीएमचे एपीजे अब्दुल कलाम यांच्या नावाचे अंतराळ विज्ञान केंद्र आहे. नववीत इस्रोच्या युविका या दोन आठवड्यांच्या निवासी कार्यक्रमाला अर्ज करता येतो आणि त्यात ग्रामीण विद्यार्थ्यांना प्राधान्य असते.

एक अडचण शहरातल्या सल्लागारांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे एसटी. आठवीपासून मुलगी तालुक्याच्या प्रशालेत जाणार असेल तर शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातल्या, मुलींसाठीच्या निळ्या बसने जाईल. प्रवास मोफत असला तरी संध्याकाळची गाडी चुकली की घरी येणे अवघड, त्यामुळे शाळा सुटल्यानंतरचा कोणताही वर्ग तिच्या उपयोगाचा नाही. म्हणून जूनमध्येच गणित शिक्षकांना भेटून एवढे मागा: वर्गाचे उदाहरणसंग्रह तिचे झाले असतील तर तेच पुन्हा करायला न लावता, तिला मागच्या बाकावर ऑलिंपियाडचा एखादा प्रश्न सोडवत बसू द्यावे आणि आठवड्यातून एकदा तिची वही पाहावी. तिला वर्गाची मदतनीस करून कच्च्या मुलांना शिकवायला बसवणे, हा आमच्या शिक्षकांचा आवडता तोडगा आहे. तो कधीमधी ठीक आहे, पण रोजचाच झाला तर तिचे स्वतःचे शिकणे तिथेच थांबते, हे त्यांना नम्रपणे सांगा. वर्गात तिच्यासारखी आणखी एखादी मुलगी किंवा मुलगा असेल तर दोघांना एकत्र बसवण्याची विनंतीही करा. बाल विज्ञान परिषदेचा प्रकल्पही दोघांच्या गटानेच करायचा असतो.