एकही पूर्णांक सुटू नये, एकही दोनदा येऊ नये

प्रश्न : १/२, १/३ आणि १/६ यांची बेरीज बरोबर १ होते. मग २, ३ आणि ६ हे सामाईक फरक असलेल्या तीन अंकगणिती श्रेढी अशा निवडता येतील का, की प्रत्येक पूर्णांक त्यांपैकी नेमक्या एकीतच येईल?

उत्तर : आपली कसोटी योग्य आहे, कारण सामाईक फरक ‘फ’ असलेली श्रेढी पूर्णांकांचा १/फ इतका भाग व्यापते, मात्र ही अट आवश्यक असली तरी पुरेशी नाही. २ आणि ३ यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसल्याने त्या फरकांच्या श्रेढी दर सहा पूर्णांकांत एकदा एकाच संख्येवर येतातच. त्यामुळे ६ ने भागल्यावर उरणाऱ्या सहा बाक्यांपैकी चारच त्या व्यापतात, तिसरी श्रेढी पाचवी बाकी घेते आणि एक बाकी मोकळी राहते.

एखादी संख्या दोनदा आलेली चालणार असेल, तर वेगवेगळ्या फरकांनी सर्व पूर्णांक व्यापता येतात. २ ने व ३ ने निःशेष भाग जाणाऱ्या संख्या, ४ ने भागल्यास १ उरणाऱ्या, ६ ने भागल्यास ५ उरणाऱ्या आणि १२ ने भागल्यास ७ उरणाऱ्या संख्या एकत्र घ्याव्यात. ० ते ११ या बाक्या तपासल्या की खात्री पटते. येथे व्यस्तांकांची बेरीज ४/३ भरते, म्हणजे पुनरावृत्ती आहेच.

ती टाळणे कोणत्याही मोजक्या, परस्परभिन्न आणि १ हून मोठ्या फरकांना शक्य नाही, हे गणितज्ञ मिर्स्की आणि न्यूमन यांनी दाखवले. त्यांची सिद्धता मला विलक्षण सुंदर वाटते, कारण भागाकार आणि बाकीचा हा प्रश्न ती संमिश्र (वास्तव आणि काल्पनिक भाग मिळून होणाऱ्या) संख्यांच्या प्रदेशात नेऊन सोडवते. शून्य आणि धन पूर्णांकांपुरते पाहू. प्रत्येक पूर्णांकासाठी ‘क्ष’चा तितकावा घात लिहून सर्वांची बेरीज केली, तर ‘क्ष’चे केवलमूल्य १ हून लहान असताना ती १/(१ − क्ष) होते. पुनरावृत्ती नसेल, तर हीच राशी प्रत्येक श्रेढीच्या वाट्यांची बेरीज असली पाहिजे, आणि ‘फ’ फरकाच्या श्रेढीच्या वाट्यात छेदस्थानी १ वजा ‘क्ष’चा फ-वा घात असतो. आता सर्वांत मोठा फरक ‘म’ घेऊन ‘क्ष’ला अशा संमिश्र संख्येकडे नेऊ, जिचा म-वा घात १ आहे पण त्याहून लहान कोणताही धन घात १ नाही. ‘म’ फरकाचा वाटा अमर्याद वाढतो, उरलेले सर्व मर्यादित राहतात आणि १/(१ − क्ष) ही राशीही मर्यादित राहते. ही विसंगती आहे. म्हणून सर्वांत मोठा फरक किमान दोनदा यावाच लागतो.

पुनरावृत्ती चालवून मोजक्या श्रेढींनी सर्व पूर्णांक व्यापणे म्हणजे आच्छादन; अशा आच्छादनांचा अभ्यास गणितज्ञ पॉल एर्डोश यांनी १९५० मध्ये सुरू केला. भिन्न फरकांपैकी सर्वांत लहान फरक हवा तितका मोठा घेता येईल का, हा त्यांचा प्रश्न गणितज्ञ बॉब हफ यांनी २०१५ मध्ये नकारार्थी सोडवला. सर्व फरक विषम, भिन्न आणि १ हून मोठे असलेले आच्छादन आहे की नाही, हे मात्र अद्याप अनिर्णित आहे.