सेन्सर दुपारी 11 दाखवतो, मग पहाटे मासे का मेले?

प्रश्न (सिन्नर तालुका): कागद टाकलेल्या 20 गुंठ्यांच्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ आहेत. प्राणवायूचा सेन्सर बसवला. मोबाईलवर रोज दुपारी 10-11 (लिटरमागे मिलिग्रॅम) दिसते. तीन दिवस आभाळ होते, चौथ्या दिवशी सकाळी साठेक कटला काठाला लागले. नऊ वाजता पाहिले तर आकडा 4. सेन्सर खराब आहे का? अमोनियाचाही घ्यावा का?

उत्तर: दादा, तुम्ही पाठवलेला ग्राफ पाहिला. त्यात पहाटे पाचला 1.2 आहे. सेन्सरने बरोबर पकडले होते, पण अलार्म बंद होता आणि तुम्ही नऊला पाहिलेत. तोवर ऊन येऊन पाणी सावरले होते.

दुपारच्या 11 वर खूश होऊ नका. 30 अंशांच्या पाण्यात हवेतून विरघळून लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. त्यावरचा सगळा शेवाळाने उन्हात तयार केलेला. तेच शेवाळ रात्री माशांसोबत प्राणवायू ओढते, आणि आभाळाच्या दिवसांत दिवसाची भरपाईही होत नाही. म्हणून दुपारचा आकडा जितका चढा, तितकी पहाट नाजूक. तुमचे पाणी फोटोत गर्द हिरवे आहे. कोपरापर्यंत हात बुडवून पाहा, बोटे दिसली नाहीत तर आठवडाभर शेण, खत बंद आणि खाद्य निम्मे.

प्राणवायू 4 वर उतरला की वाजेल असा अलार्म लावा. 3 वर लावला तर उठून, चप्पल शोधून तळ्यावर पोहोचेपर्यंत मासे वर येऊन तोंड वासत असतात. आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) थ्री फेजवर असेल तर आधी विजेचे वेळापत्रक बघा. ज्या आठवड्यात वीज दिवसा आहे, त्या आठवड्यात पहाटेचा अलार्म वाजून उपयोग काय? सिंगल फेजवर चालणारा छोटा एरेटर किंवा डिझेल पंप ठेवा. माझे विचाराल तर पैसे एकाच गोष्टीला असतील तेव्हा आधी हे, सेन्सर नंतर.

काहीच नसेल तर तळ्यातलेच पाणी पंपाने उचलून फवाऱ्यासारखे परत पाडा. बोअरचे पाणी पाइप बुडवून थेट सोडू नका. त्यात बहुधा प्राणवायू फार कमी असतो, उंचावरून फुटून पडू द्या. त्या सकाळी खाद्य टाकू नका.

प्रोब (सेन्सरचे पाण्यात बुडणारे टोक) काठाला फूटभर खोलीवर टांगलाय, तो बदला. तळ्याच्या आत, एरेटरपासून लांब, पाण्याच्या निम्म्या खोलीवर सोडा. आठवड्यातून एकदा काढून मऊ कापडाने बुळबुळ पुसा, मग ओल्या फडक्यात सैल गुंडाळून सावलीत दहा मिनिटे ठेवा. प्राणवायूची टक्केवारी (हवेतून जितका मावतो तो म्हणजे 100) 100 च्या आसपास यायला हवी, नसेल तर कॅलिब्रेशन करा, म्हणजे आकडा पुन्हा जुळवून घ्या. दिवसरात्र एकच आकडा दिसत असेल तर तो प्रोब मेला समजा. मी स्वतः एकदा तीन दिवस 6.2 बघत निवांत बसलो होतो.

अमोनियाचा सेन्सर आत्ता नको. महाग पडतो, आणि तळ्याच्या पाण्यात त्याचा आकडा लवकर भरकटतो. आठवड्याला किटने तपासा, सोबत सामू (pH) घ्या. किट एकूण अमोनिया दाखवते, विषारी भाग सामूवर ठरतो: 25 अंशांना सामू 7 असेल तर एक टक्क्याहून कमी, 9 असेल तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. हिरव्या पाण्याचा सामू दुपारी चढतो, म्हणून हे तपासायचे दुपारी तीनला. प्राणवायू मात्र पहाटे.

प्रश्न (पालघर, कोळंबी): शेजाऱ्याच्या आणि माझ्या प्राणवायू मीटरमध्ये एकाच तळ्यात फरक का येतो?

उत्तर: बहुतेक तुमच्या मीटरमध्ये क्षारता (पाण्याचा खारटपणा) शून्यावर असेल. खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो; क्षारता भरली नाही तर मिलिग्रॅमचा आकडा फुगून येतो. रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या उपकरणाने) मोजून ती भरा, मोठा पाऊस झाला की पुन्हा मोजा. तरीही फरक राहिला तर दोन्ही प्रोब एकाच बादलीत, एकाच वेळी धरून मला आकडे पाठवा.