मीडियाविकी बसवलं, पण पान कोरं दिसतंय. मदत कुठे मागू?

वाचनालयातल्या जुन्या दिवाळी अंकांची सूची विकीवर आणायची म्हणून मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) बसवलं, आणि एक एक्स्टेन्शन, म्हणजे जादा सोय देणारी जोडणी, टाकल्यापासून सगळं कोरं, असं तुम्ही लिहिलंय. आधी घाबरू नका. भरलेली पानं डेटाबेसमध्ये असतात, ती जात नाहीत. लोकलसेटिंग्ज या फाइलीत त्या एक्स्टेन्शनसाठी घातलेली ओळ काढून बघा. पान परत आलं तर दोष सापडला.

बहुतेक वेळा दोष आवृत्तीचा असतो. विकी १.४३ असेल तर एक्स्टेन्शनही १.४३ साठीचंच उतरवावं लागतं, सगळ्यात नवं नव्हे. तेही जुळत असेल, तर होस्टिंगच्या पॅनेलमधला एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, उघडून शेवटची नोंद वाचा. ओळीचा क्रमांक दिलेला असतो. पण ओळीअखेरचा अर्धविराम राहिला असेल तर लॉग खालच्या ओळीकडे बोट दाखवतो, म्हणून वरचीही तपासा. माझ्या बाबतीत वर्डमधून चिकटवलेल्या ओळीतली सरळ अवतरणचिन्हं वळणदार झाली होती. डोळ्याला फरक जाणवत नव्हता, साध्या नोटपॅडमध्ये ती ओळ हाताने टाइप केल्यावर विकी उघडला.

तरीही अडलं तर मीडियाविकीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सपोर्ट डेस्क आहे. तिथे स्वयंसेवक उत्तरं देतात. ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. मीडियाविकी, पीएचपी (मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलंय ती) आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या आणि लॉगमधली चूक जशीच्या तशी द्या. लोकलसेटिंग्जमधली ओळ देताना डेटाबेसचा पासवर्ड मात्र काढून टाका. साधं इंग्रजी चालतं, त्यासाठी अडून राहू नका.

एक मनापासून सांगतो. संपादन करणारे दोघं-तिघंच असतील तर डोकुविकी या दुसऱ्या, साध्या विकी सॉफ्टवेअरचाही विचार करा. त्याला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकूर फाइल. फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं की बॅकअप झाला. पण मराठीसाठी एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा. डोकुविकी मुळात फाइलीचं नाव टक्केचिन्हांच्या रूपात साठवतो, त्यात ‘दि’ मधला ‘द’ ‘%E0%A4%A6’ असा नऊ अक्षरांचा होतो आणि वेलांटी आणखी नऊ. फाइलीच्या नावाची मर्यादा सहसा अशी २५५ अक्षरं, म्हणजे अठ्ठावीसेक चिन्हांतच शीर्षक संपलं. ‘दिवाळी अंक १९६५ अनुक्रमणिका आणि मुखपृष्ठ’ एवढं नाव त्यात मावतच नाही. सेटिंगमध्ये फाइलनावांची पद्धत ‘यूटीएफ-८’ करा. पानं भरल्यावर बदललीत तर जुनी पानं विकीला सापडणार नाहीत, सगळ्या फाइलींची नावं हाताने बदलत बसावं लागेल.

मीडियाविकीच ठेवणार असाल तर भाषा मराठी निवडली आहे ना, ते पाहा. मग वर्ग, साचा, सदस्य हे शब्द आपोआप मराठीत येतात. आणि अनोळखी माणसाला संपादन व खातं उघडणं बंद ठेवा, नाहीतर जाहिरातींची पानं साफ करण्यातच वेळ जाईल. लॉगमधली ती नोंद इथे टाका, मी बघतो.