‘गहाळ’ लिहून दिलेला मोबाईल

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा मुंबईत गोदामात कामाला आहे. मागच्या महिन्यात लोकलच्या दारात उभा असताना रुळाजवळून कोणीतरी त्याच्या हातावर काठी मारली. मोबाईल खाली पडला, गाडी पुढे निघून गेली. मनगट आठ दिवस सुजलेलं होतं. पोलिसांकडे गेला तर त्यांनी ‘मोबाईल गहाळ झाला’ असा दाखला दिला आणि सही घेतली. कापूस विकून 19 हजारांचा घेतला होता. पोरगा म्हणतो, जाऊ दे आई. मला जाऊ देववत नाही. आते काय करवानं?
– एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मला माझंच अक्षर दिसायला लागलं. मी 33 वर्षं पोलीस खात्यात होतो, त्यातली बरीच ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी गेली. बसमध्ये खिसा कापलेला माणूस समोर उभा, कापलेला खिसा बाहेर लोंबतोय, आणि मी त्याला विचारतोय, “कुठं पडलं असेल, आठवा बरं.” चोरी लिहिली की गुन्ह्याचा आकडा वाढतो, तपास कोणाच्या तरी गळ्यात पडतो, महिन्याच्या क्राइम मीटिंगला साहेब विचारतात, उघडकीस किती आले? गहाळ लिहिलं की कोणी काही विचारत नाही. खेड्यातून आलेलं, एकटं पोरगं असलं तर सोपंच. तेही सही करून मोकळं होतं.

आता तुमचं. मुंबईत या प्रकाराला नावच आहे, फटका गँग. काठी मारून, इजा करून वस्तू नेली तर ती साधी चोरीसुद्धा राहत नाही, जबरी चोरी होते. भारतीय न्याय संहितेचं कलम 309, शिक्षा 10 वर्षांपर्यंत, आणि इजा केली असेल तर जन्मठेपही होऊ शकते. म्हणजे दखलपात्र गुन्हा, ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकतात. असा गुन्हा सांगितला तर एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सुप्रीम कोर्टाने 2013 सालीच ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवलंय. दाखल्यावर सही केली म्हणून दार बंद झालं असं नाही.

शिवाय मुंबईलाच जायला हवं असंही नाही. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, तुमच्या तालुक्याच्या ठाण्यात फिर्याद देता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. ती पुढे मुंबईच्या लोहमार्ग पोलिसांकडे जाते. पण फिर्याद पोराने द्यावी, मार त्याने खाल्लाय. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला घरी येईल तेव्हा पाहू, असं म्हणू नका. रजा टाकून बोलवा. उशीर का झाला ते फिर्यादीत सुरुवातीलाच लिहायला सांगा: आधी गेलो होतो, गहाळचा दाखला दिला. दाखला सोबत जोडा. मनगट डॉक्टरला दाखवलं असेल तर ती चिठ्ठीही.

सही करण्याआधी फिर्याद वाचून घ्यायला सांगा. ‘पडला’ असा शब्द दिसला तर थांबायचं. “काठी मारली” हे त्याच्या तोंडचं वाक्य तसंच यायला हवं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, कोणी झेरॉक्सचे पैसे मागितले तरी देऊ नका.

ठाण्यात नाही म्हणाले तर तोच मजकूर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. तिथंही काही हाललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, त्याला वकील लागेल.

मोबाईल परत मिळेल का? मी खोटी आशा लावणार नाही. पण सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तो बंद करून टाका, म्हणजे चोराच्या हाती नुसतं डबडंच राहील. त्यासाठी आयएमईआय नंबर म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पोलिसांचा कागद आणि पोराच्या जुन्याच मोबाईल नंबरचं नवं सिम लागतं. आयएमईआय नंबर फोनच्या खोक्यावर आणि बहुतेक बिलावर असतो. बिल सापडत नसेल तर कापसाच्या काटापट्ट्या ठेवता त्या पिशवीत बघा. आमच्या घरी सगळे कागद तिथंच सापडतात.