गळ लांब नको, काठालगत टाका

वाचकांचे प्रश्न : लहान तळ्यावरची बास मासेमारी

प्रश्न : एडिसनजवळच्या काउंटी पार्कातल्या तळ्यावर जुलैत लार्जमाउथ बास गरवायला जातो. सात इंची प्लास्टिकचा गांडूळ लावतो, जमेल तितका लांब फेकतो, पण सकाळ कोरडी जाते. काय चुकतंय?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आमिष ठीक आहे, जागा चुकते आहे. बास दबा धरून बसणारा मासा. भक्ष्यामागे मोकळ्या पाण्यात हिंडण्यापेक्षा तो आडोसा धरतो. कमळाच्या पानांची कड, पाण्यात कोसळलेलं झाड, लाकडी धक्क्याची सावली ही त्याची ठिकाणं. गावाकडे मरळ गरवलेल्यांना ही सवय लगेच ओळखू येईल. लहान तळ्यात असे आडोसे बहुतेक काठालगतच असतात. मधलं खोल पाणी मोहात पाडतं खरं, पण उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी तळाच्या गार थरात मिसळत नाही, आणि तळाशी कुजणारा पाला तिथला प्राणवायू संपवतो. अशा पाण्यात बास थांबत नाही.

तेव्हा आल्या आल्या पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहू नका. पहिल्या दोन-चार फेकी चार पावलं मागे राहून, काठाला समांतर टाका. पावलांचा दणका माशाला अंगावरच्या संवेदनरेषेतून कळतो, आणि उथळ पाण्यावर सावली पडली की तो सटकतो.

उजाडल्यापासून ऊन पाण्यावर येईपर्यंत तरंगतं आमिष लावा, पॉपर (झटका दिला की पाण्यावर 'पॉप' असा आवाज करणारं आमिष) किंवा पोकळ रबरी बेडूक. पडल्यावर उठलेली वर्तुळं विरेपर्यंत त्याला हात लावू नका. मग दोन हलके झटके, आणि पुन्हा थांबा. मासा बहुधा त्या थांब्यातच उसळतो. इथेच नवखे हुकतात. पाणी उडालं की हात आपोआप ओढला जातो आणि आमिष माशाच्या तोंडातून निसटतं. रॉडवर वजन जाणवू द्या, मगच झटका द्या.

ऊन चढलं की तुमचा गांडूळ लावा. 3/0 मापाचा ऑफसेट (डोळ्याजवळ बाक दिलेला) गळ, पुढे 1/8 औंसाचं गोळीच्या आकाराचं वजन, आणि गळाचं टोक गांडुळाच्या अंगात दडवलेलं, म्हणजे पानवेलीत अडकत नाही. पानांच्या कडेला टाकून तळाशी जाऊ द्या. दोरी ढिली पडली म्हणजे तळ लागला. रॉडचं टोक फूटभर सावकाश उचला, खाली आणा, ढील गुंडाळा. मासा पुष्कळदा गांडूळ खाली उतरत असतानाच उचलतो आणि हाताला काहीच कळत नाही. दोरी आडवी सरकते, किंवा बुडता बुडता मध्येच थांबते, एवढीच खूण. म्हणून नजर दोरीवर हवी. पाण्याची तिरीप मारणारे पोलराइज्ड चष्मे इथे खरोखर कामाला येतात. भर दुपारी धक्क्याखालची सावली तेवढी धुंडाळा, नाहीतर घरी जाऊन सूर्य कलल्यावर परत या.

प्रश्न : 10 पौंडी तंगूसची दोरी जेमतेम 3 पौंडाच्या माशाने तोडली. दोरी नवी होती.
– एक वाचक

उत्तर : तुटलेलं टोक बघा. डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर दोरी तुटलेली नाही, गाठ सुटली आहे. कोरडी गाठ आवळली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतो, म्हणून थुंकी लावून सावकाश आवळा. पॅलोमार गाठ बांधायला सोपी आणि पक्की. टोक खरबरीत असेल तर दोरी लाकडा-दगडावर घासली आहे. दर माशानंतर शेवटचा दोन फूट भाग चिमटीतून फिरवा, कुठे खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने बांधा. रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रील दोरी सोडेल ते, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशवर ठेवा. तुमच्या दोरीला अडीच-तीन पौंडांची ओढ बसली की रील सुटायला हवं.

प्रश्न : 72 वर्षांचे बाबा साताऱ्याहून उन्हाळ्यासाठी इथे येत आहेत. वय 70 च्या वर असल्याने परवाना लागणार नाही ना?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : लागेल. ती सवलत न्यू जर्सीच्या रहिवाशांनाच आहे, पाहुण्यांना नाही. अनिवासींसाठी सात दिवसांचा परवाना मिळतो, मुक्काम लांब असेल तर वर्षाचा घ्या. ट्राउट माशासाठीचा वेगळा स्टॅम्प (जादा परवाना) बाससाठी लागत नाही. बाबा मे महिन्यातच येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, 15 एप्रिल ते 15 जूनमध्ये धरलेला प्रत्येक बास लगेच सोडायचा असतो. तेव्हा नर घरट्यातली अंडी राखत असतो, आणि तो उचलला गेला की ब्लूगिल नावाचे लहान मासे काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. एरवी किमान लांबी 12 इंच आणि दिवसाला 5 मासे. काही तळ्यांचे नियम वेगळे आहेत, तिथला फलक वाचा.

प्रश्न : धरलेला बास घरी आणून तळावा का?
– एक वाचक

उत्तर : आमचं मत, सोडून द्यावा. बास इतर मासे खातो, त्यामुळे त्याच्या अंगात पारा साठत जातो, आणि मासा जितका मोठा तितका जास्त. पारा मांसातच असल्यामुळे चरबी काढून किंवा तळून तो जात नाही. राज्य सरकार तळ्यागणिक खाण्याच्या मर्यादा प्रसिद्ध करतं, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी त्या फार कडक आहेत. सोडताना आधी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशी धरते. खालचा जबडा अंगठ्याने धरा. मासा मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या, नुसत्या जबड्यावर आडवा तोलला तर जबडा दुखावतो. गळ घशात गेला असेल तर उपसत बसू नका, दोरी गळाजवळ कापून मासा पाण्यात सोडा.

तळायला ब्लूगिल घ्या. चव गोडसर असते. मर्यादा मात्र त्याच्याही बघा. हातभर मासा लागत नाही, तळव्याएवढा पुरतो. खवले काढा, पोट साफ करा, दोन्ही बाजूंना तीन-तीन चिरा द्या, हळद-मीठ-तिखट-कोकमाचं आगळ लावून 15 मिनिटं ठेवा आणि रव्यात घोळवून तळा. काटे बारीक आहेत, मुलांना सोडवून द्या.