आईच्या मॅमोग्राफीत 'रक्तवाहिन्यांत कॅल्शियम' आलंय, हृदयाची तपासणी करावी का?

तुम्ही लिहिलंय, आई ६४ वर्षांच्या, मधुमेह आहे, गाठ नाही. पण मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, रिपोर्टच्या शेवटी 'व्हॅस्क्युलर कॅल्सिफिकेशन, बिनाईन' (रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम, कॅन्सरचं नाही) अशी ओळ आहे. तपासणी करा. घाबरून नव्हे, पण करा.

मी सिंधुदुर्गात मॅमोग्राफी मशीनवर काम करते. रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, पण हे रोज डोळ्यांसमोर असतं. स्क्रीनवर दोन समांतर पांढऱ्या रेघा वळणं घेत जातात, डोंगरावरून खाली कोकण रेल्वेचे रूळ दिसावेत तशा. कॅन्सरच्या संशयाचे कण वेगळे, बारीक आणि एका जागी घोळका करून बसलेले. त्यामुळे 'बिनाईन' बरोबरच आहे, फक्त ते स्तनापुरतं. हृदयाबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही.

एका काकूंनी मला विचारलं होतं, "पानाक चुनो लावतंय, तोच बसलो काय गो?" नाही हो! वय आणि मधुमेह ही मोठी कारणं. हे कॅल्शियम धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात बसतं. हार्ट अटॅक आणणारी चरबी आतल्या थरात साठते. म्हणजे या रेघा दिसल्या म्हणून ब्लॉकेज आहे असं नाही. तरीही कॅलिफोर्नियात ६० ते ७९ वयाच्या पाच हजारांवर बायकांवर साधारण साडेसहा वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा ज्यांच्यात हे कॅल्शियम होतं त्यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक अशा त्रासांचा धोका सुमारे दीडपट निघाला. हा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला.

उलट बाजूही ऐका. सिगारेट ओढणाऱ्या बायकांत हे कॅल्शियम कमी दिसतं, आणि त्यांचं हृदय काही सुरक्षित नसतं. म्हणून रेघा नाहीत म्हणजे सुटलो, असंही कुणी समजू नये. ऑस्ट्रेलियात तर आता कॅल्शियमपुरतं न बघता अख्खी मॅमोग्राफी आणि वय कॉम्प्युटरला देऊन धोका मोजून पाहिलाय. आमच्याकडे अजून डोळा आणि ती एक ओळ.

ती ओळ फिजिशियनला स्वतः दाखवा, फाईलमध्ये राहू देऊ नका. बीपी, तीन महिन्यांची साखर, कोलेस्टेरॉल बघून ते ठरवतील. ॲस्पिरिन मनाने सुरू करू नका. आणि घाटी चढताना आई मध्येच थांबतात का, तेही सांगा. आपल्या बायका ते 'पित्त झालंय' म्हणून उडवून लावतात.