बी-१२ वाढलं म्हणून पायाला मुंग्या येतायत का?

प्रश्न : डॉक्टर, वय ५४, पूर्ण शाकाहारी. गेल्या वर्षी बी-१२ कमी होतं म्हणून इंजेक्शनं झाली, तेव्हापासून गोळ्या चालूच आहेत. आता रिपोर्टमध्ये बी-१२ २००० च्या वर आलंय आणि तळपायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. जास्त बी-१२ मुळे नसा खराब होतात का?

उत्तर : ताई, बी-१२ वाढल्याने नसा खराब होत नाहीत, उलट कमी पडलं की होतात. इंजेक्शनं-गोळ्या घेतल्यावर तो आकडा वर जाणारच, त्याची काळजी नको (काहीच न घेता वाढला असता तर लिव्हर, किडनी, रक्त तपासलं असतं). मला शंका वेगळीच येतेय, बी-१२ च्या गोळ्यांत बऱ्याचदा सोबत असणारं बी-६ जास्त झाल्याची. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स काढा, मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा आणि ‘पायरीडॉक्सिन’ (म्हणजेच बी-६) पुढचा आकडा लिहून काढा, नसांची गोळी, मल्टिव्हिटॅमिन, ताकदीची पावडर, सगळ्यांची बेरीज करा. रोजची गरज जेमतेम २ मिलिग्रॅम, आणि ती डाळी, केळी, बटाट्यातून भागते. युरोपात २०२३ पासून रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅम धरतात, अमेरिकेत १००.

‘पाण्यात विरघळणारं व्हिटॅमिन आहे, जास्तीचं लघवीतून जातं’ हे सगळेच सांगतात, पण बी-६ च्या बाबतीत त्यावर अजिबात विसंबू नका. १९८३ मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रोज २ ते ६ ग्रॅम घेणारे ७ पेशंट नोंदवले होते, पाय बधिर, चालताना तोल जायचा. पुढे याहून खूप कमी डोस महिनोन्‌महिने घेणाऱ्यांमध्येही त्रास दिसला. मणक्याजवळ संवेदनेच्या नसांच्या पेशींच्या गाठी असतात, त्यांनाच बी-६ चा डोस बाधतो, म्हणून ताकद असते पण स्पर्श कळत नाही, आणि बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. तुमचं असं होतं का, बघा. आणि घोळ असा की बी-६ कमी पडलं तरी मुंग्याच येतात, मग माणूस अजून एक गोळी वाढवतो!

बेरीज मोठी आली तर डॉक्टरांना दाखवून बी-६ वाल्या गोळ्या थांबवा, बी-१२ हवंच असेल तर नुसतं बी-१२ मिळतं. बंद केल्यावर पहिले काही आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, घाबरून परत सुरू करू नका, हळूहळू उतरतो, काहींचा थोडा राहतोही. शुगर आणि थायरॉइड मात्र तपासून घ्याच. घरात कुणाला टीबीच्या औषधांसोबत बी-६ दिलं असेल तर ते नसा वाचवायलाच दिलेलं असतं, ते मनाने बंद करू नका.